डावखुऱ्या हाताची शिवण

त्या पेटीचं झाकण उचललं की वस्तू दिसण्याआधी वास यायचा. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, पृथ्वीच्या पार उत्तरेला, कुठल्यातरी नदीकाठी कुजक्या लाकडाचा धूर कोंडून ज्या कातड्याला शेक दिला होता, त्याचा तो वास. गोडसर, कडवट आणि शेवटी ओल्या मातीवर विसावणारा. क्योतोतल्या आमच्या विद्यापीठाच्या लहानशा संग्रहालयाखाली जे तळघर आहे, तिथे ऋतू नसतात. तिथलं तापमान ठरलेलं, दमटपणा ठरलेला, उजेडसुद्धा मोजून दिलेला. वर रस्त्यावर ऑक्टोबरात किनमोकुसेईची इवलीशी केशरी फुलं साऱ्या गल्ल्या सुगंधाने भरून टाकत असतात, सायकलवरून जाताना तो सुगंध अंगावर लाटेसारखा येतो आणि वळणावर विरून जातो. पण त्या पेटीपाशी काढलेल्या दोन वर्षांतला शरद मला आठवतो तो त्या धुराचाच.

मी साताऱ्याची. कातड्याच्या रसायनशास्त्रात पीएच.डी. केली आणि जुनी कातडी, लोकर, पिसं जपण्याच्या या कामासाठी पाच वर्षांपूर्वी जपानात आले. पेटीतला तो पोशाख आमच्याकडे एका संग्राहकाच्या कुटुंबाकडून आला होता आणि त्याच्या चिठ्ठीवर ‘उत्तर अमेरिका, कातडी अंगरखा’ एवढेच शब्द होते. पुढून आणि मागून टोकदार उतरत गेलेली खालची कड, छातीवर साळिंदराच्या रंगवलेल्या काट्यांची पट्टी, तिच्याखाली झालरीत ओवलेल्या, रेघारेघांच्या चिमुकल्या बिया आणि प्रत्येक शिवणीच्या कडेने ओढलेली गेरूची रेघ. या खुणांचा माग काढत मी महिनोन्‌महिने जुन्या नोंदी चाळल्या, बियांची जात ओळखून घेतली, कातडं कॅरिबू हरणाचं असल्याचं सिद्ध केलं आणि एके दिवशी त्या चिठ्ठीवर स्वतःच्या अक्षरात नवा शब्द लिहिला : ग्विचिन. अलास्का आणि कॅनडा यांच्या सीमेवर, हरणांच्या कळपांच्या वाटेवर पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेल्या लोकांचं हे नाव. ज्या वस्तूला आपण नाव देतो ती आपली होते, असा एक गोड गैरसमज मनाशी बाळगायला त्या दिवसापासून मी सुरुवात केली.

आमचे विभागप्रमुख मोरिता-सान नियमाचे पक्के. नाव कळल्यावर त्यांनी रीतसर पत्र धाडलं आणि उत्तर आलं की एक वृद्ध शिवणकर्ती आणि तिची भाची नोव्हेंबरात चार दिवसांसाठी येतील. असा पोशाख पुन्हा शिवायचा त्यांचा मानस आहे. मोरिता-सानना फार आनंद झाला. मीही आनंद झाल्याचं दाखवलं. पण त्या संध्याकाळी पेटी बंद करताना माझे हात झाकणावर जरा जास्तच वेळ रेंगाळले, आणि छातीत जे टोचलं त्याचं नाव मला त्याच क्षणी ठाऊक होतं. शुद्ध मत्सर. अजून न पाहिलेल्या माणसांविषयीचा.

मार्था सत्तरीच्या पुढची होती. बुटकी, रुंद हाडांची, गुडघ्यांनी त्रासलेली. डोळे मात्र असे की समोरच्या माणसाला ते घाई करू देत नसत. भाची लीना तिशीतली, उंच, कमी बोलणारी, खांद्यावर नकाशाच्या कागदांची लांब नळी. आल्या आल्या मार्थाने सांगितलं की तिने वाळवलेलं हरणाचं मांस आणलं होतं, पण विमानतळावर ते काढून घेतलं गेलं. ते मांस तिला स्वतःला नको होतं. ज्या बाईने हा पोशाख शिवला तिच्यापुढे ठेवायला हवं होतं. ‘इतक्या वर्षांनी भेटायचं आणि रिकाम्या हातांनी?’ असं म्हणून ती खरोखरच अस्वस्थ झाली. शेवटी लीना कोपऱ्यावरच्या कोंबिनीतून, चोवीस तास उघड्या दुकानातून, भाजलेल्या सामन माशाची ओनिगिरी घेऊन आली. मार्थाने भाताच्या त्या गोळ्यातला मासा बोटांनी हलकेच सोडवला, ‘हा तरी आमच्या नदीत असतो,’ म्हणाली आणि संग्रहालयामागच्या गिंकोच्या झाडाखाली, पिवळ्या पानांच्या पसाऱ्यात, तो घास ठेवून स्वतःच्या भाषेत काहीतरी पुटपुटली. मी दाराशी उभी राहून पाहत होते. दोन वर्षांत त्या अंगरख्याला मी किती गोष्टींपासून वाचवलं होतं; त्याला भूक लागत असेल हे काही माझ्या मनात आलं नव्हतं.

मग पेटी उघडली. मी हातमोजे पुढे केले. मार्थाने ते घेतले नाहीत. ती मोरिता-सानकडे बघत राहिली. जुन्या संग्रहांत किडीला मारण्यासाठी सोमल फवारलेला असायचा, त्यामुळे उघड्या हाताने स्पर्श करणं धोक्याचं असतं. मोरिता-साननी माझ्याकडे पाहून विचारलं, ‘तुमच्या तपासणीत सोमल सापडला नव्हता ना?’ नव्हता. अहवाल माझाच होता, सही माझीच होती. मार्थाने हात धुतले, पुसले आणि तिची सुरकुतलेली उघडी बोटं त्या कातड्यावर टेकली. मी दोन वर्षांत एकदाही टेकवली नव्हती. माझ्या आणि त्या अंगरख्याच्या मध्ये सतत एक निळी, पातळ, रबरी त्वचा होती आणि तिलाच मी जवळीक समजत होते.

तिची बोटं खांद्यावरून उतरली, बाहीच्या शिवणीवर थांबली, मागे गेली, पुन्हा पुढे आली. मग ती लीनाकडे वळून हसली.

‘डावखुरी होती ही.’

टाके कोणत्या बाजूला कलतात ते तिने लीनाला दाखवलं. मलाही दाखवलं, कारण ती कंजूष नव्हती. एकदा पाहिल्यावर ते इतकं उघड होतं की माझे कान तापले. त्याच टाक्यांची मी शेकडो छायाचित्रं काढली होती. स्नायूच्या तंतूंपासून वळलेल्या दोऱ्याची जाडी मी सूक्ष्मदर्शकाखाली मोजली होती, त्यातली प्रथिनं तपासली होती, त्याचं वय अंदाजलं होतं. पण तो दोरा एका हाताने ओढला होता आणि तो हात डावा होता, हे मला दिसलं नव्हतं. मार्था तिला ‘शित्सू’ म्हणू लागली. म्हणजे ‘माझी आजी’. कोणत्या पुराव्यावर, असं माझ्या ओठांवर आलं होतं. नाव नाही, गाव नाही, साल नाही. आणि ही बाई एका तासात नातं जोडून मोकळी!

पुढचे दोन दिवस त्या कामाला बसल्या. लीना कागद अंथरून अंगरख्याची प्रत्येक रेघ उतरवून घेई, टाके मोजून लिही, आणि मार्था मध्येच काहीबाही सांगत राही. वसंतात आणि शरदात कळप उतरायचे तेव्हा लाकडी खांबांचं लांबच लांब कुंपण करून हरणांना आत वळवत. पहिला वाटा म्हाताऱ्यांचा असे. कातडं हरणाच्याच मेंदूने चोळून मऊ करत. उन्हाळ्यात नदीकाठी माशांच्या माळा वाळत आणि धूर सगळ्यांच्या केसांत शिरे. माणसाच्या काळजात हरणाच्या काळजाचा एक तुकडा असतो आणि हरणाच्या काळजात माणसाच्या, असं ती एकदा सहज म्हणाली, जसं आपण ‘आज हवा बरी आहे’ म्हणतो. मी शेजारच्या टेबलावर नोंदी करत असल्याचं सोंग करत होते. मला त्या कुंपणाचा हेवा वाटला, त्या माशांच्या माळांचा वाटला, ‘आम्ही’ या शब्दाचा तर फारच वाटला, कारण ती तो शब्द इतक्या निर्धास्तपणे उच्चारी की त्यात मेलेले आणि न जन्मलेले सगळे मावत. मोरिता-सान, एरवी माझ्या एकेका अहवालावर लाल पेनाने शंका काढणारे, तिच्या बोलण्यावर लहान मुलासारखी मान डोलावत.

आणि माझ्या खणात एक गोष्ट होती. वर्षभरापूर्वी डाव्या बाहीच्या आतल्या शिवणीत, दोऱ्याच्या दोन वेढ्यांमध्ये अडकलेला एक केस मला सापडला होता. माणसाचा, लांब, काळा. शिवताना तिच्या डोक्यावरून गळून दोऱ्याबरोबर ओढला गेलेला असणार. मी तो चिमट्याने सोडवून काचेच्या लहान कुपीत ठेवला होता. माझ्या पुढच्या शोधनिबंधाचा तो गाभा होता. मोरिता-साननाही मी अजून नीटसं सांगितलं नव्हतं. त्या दोघी येणार हे कळल्यापासून मी स्वतःला बजावत होते की योग्य वेळी सांगेन. पण ‘डावखुरी होती’ हे ऐकल्यावर मी ठरवलं, सांगायचं नाही. त्यांना भाषा आहे, नदी आहे, आजी आहे, टाका आहे. मला हा एक केस असू दे.

तिसऱ्या दिवशी दुपारी लीना वर चहा आणायला गेली होती. मार्था खुर्चीत मागे टेकून डोळे मिटून बसली होती. अचानक तिने विचारलं, ‘तुला शिवायला कुणी शिकवलं?’

‘कुणीच नाही,’ मी म्हणाले. ‘माझी आई शिवायची. अख्ख्या गल्लीचे ब्लाउज शिवायची.’

‘मग तिचा टाका कसा होता?’

मला सांगता येईना. आईच्या मशीनचा आवाज सांगता आला असता, दाराशी मापं द्यायला उभ्या असलेल्या बायका सांगता आल्या असत्या, आणि त्यांच्यातून वाट काढत पुस्तकं छातीशी धरून आत जाणारी मीही. शिवणकाम करणाऱ्या बाईची मुलगी म्हणून ओळख नको असलेली, शाळेत पहिली येणारी मी. पण टाका? तीन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा दहा दिवसांची रजा मिळाली. मी इकडे परतल्यावर वहिनीने फोन करून विचारलं होतं, ‘ताई, आईंच्या कपाटाचं काय करू?’ प्रयोगशाळेत घाई होती. ‘वाटून टाका सगळं,’ मी म्हणाले होते. परक्यांच्या आजीच्या टाक्यांवर मी व्याख्यान देऊ शकत होते. आईच्या हातचा एक टाकाही माझ्याकडे नव्हता, आणि असता तरी मला तो ओळखू आला नसता.

मार्था माझ्या उत्तराची वाट बघून स्वतःच बोलू लागली. सहा वर्षांची असताना तिला घरापासून दूर वसतिशाळेत नेलं. तिथे तिची भाषा बोललं की मार बसे. शिवण तिथेही शिकवत, पण यंत्रावर, सरळ रेघेत, परक्यांचे कपडे. ती परतली तेव्हा आजीची बोटं संधिवाताने मिटून गेली होती आणि आजी जे सांगे ते तिला समजत नव्हतं. ‘मी तिच्यासमोर बसायचे आणि हसायचे,’ ती म्हणाली. ‘एवढंच येत होतं मला.’ भाषा तिने पुढे चाळिशीत, शेजारणींकडून, शब्दशब्द वेचून परत मिळवली. चपला, मोजे शिवायला शिकली. पण हा जुना पोशाख कसा जोडतात हे सांगणारं माणूस आता कुणी उरलं नव्हतं. ‘म्हणून तर एवढ्या लांब आले. हिच्याकडे शिकायला.’

त्या संध्याकाळी कामो नदीच्या काठाने सायकल हातात धरून मी बराच वेळ चालत राहिले. पलीकडच्या टेकड्यांवर तांबडी पानं उन्हात पेटली होती, दगडांवर बगळे निश्चल उभे होते, पाण्यातून चुना मिसळल्यासारखा पांढरट उजेड वाहत होता. ज्याला मी वारसा समजून जळत होते तो त्या बाईला मिळालाच नव्हता. ती तो मागायला आली होती, म्हातारपणी, दुखऱ्या गुडघ्यांनी, अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून. हे समजल्यावर मत्सर ओसरायला हवा होता. तो ओसरला नाही. उलट त्याला धार आली. कारण तिने मागितलं होतं, आणि मी मागितलं नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी, मोरिता-सानही टेबलाशी बसलेले असताना, मी कुपी त्या दोघींसमोर ठेवली. काय आहे, कुठे सापडलं, कधी सापडलं, सगळं सांगितलं.

लीना उठून उभी राहिली. ‘हे तुझ्याकडे पहिल्या दिवसापासून होतं?’

‘हो.’

‘आणि तू तिथे बसून आम्हाला बघत होतीस.’

मोरिता-सान उठले, टेबलाला वळसा घालून त्या दोघींसमोर आले आणि कमरेतून खोल वाकले. बराच वेळ तसेच राहिले. माझ्या चुकीसाठी त्या साठीच्या माणसाची वाकलेली पाठ, तिच्यावर चुरगळलेला कोट. मला कुणी थोबाडीत मारली असती तरी परवडलं असतं. मीही वाकले, पण माझं वाकणं उशिराचं होतं.

मार्था कुपी उजेडाकडे धरून बघत होती. ती रडेल असं मला वाटलं, किंवा कुपी मुठीत घेऊन निघून जाईल. मी तयारही होते. पण तिने ती माझ्या हातात परत दिली.

‘जिथून काढलास तिथे ठेव.’

‘तुम्ही घेऊन नाही का जाणार?’

‘तो हरवलेला नव्हता,’ ती म्हणाली. ‘शिवणीत होता. तू काढलास, तूच ठेव.’

मला तासभर लागला. भिंगाखाली दोऱ्याचे ते दोन वेढे किंचित उचलायचे, मधून केस सरकवायचा, कातड्याला ओढ बसू द्यायची नाही. माझ्या कानाशी मार्थाचा श्वास होता, आणि तिच्या पलीकडे, नजर न वळवता, लीनाही बघत होती. शोधनिबंधाचा गाभा हळूहळू शिवणीत नाहीसा होत गेला. शेवटचं टोक आत गेल्यावर मी मान वर केली आणि क्षमा मागितली. मार्थाने माझ्या मनगटावर हात ठेवला. क्षमा केली असं ती म्हणाली नाही.

‘मी असते तर मीही लपवला असता,’ ती म्हणाली. ‘फक्त, मी सांगितलं नसतं.’

लीनाला हसू आलं. तिने ते दाबलं, पण मला दिसलं.

संध्याकाळी कागदांची नळी खांद्याला लावून त्या बसने स्टेशनकडे गेल्या. अंगरखा इथेच राहिला, पेटीत, मोजलेल्या उजेडात. कागदांखेरीज काही न नेता त्या गेल्या आणि तरीही काहीतरी घेऊन गेल्या असं वाटत राहिलं. पुढे मी झाकण उचललं की माझी नजर टाक्यांच्या कलाकडे जाई, गळून पडलेल्या काट्यांच्या जागांकडे जाई, त्यांनी दाखवलेल्या प्रत्येक ठिकाणी जाई. माझं स्वतःचं असं पाहणं उरलंच नव्हतं.

त्या रविवारी मी साताऱ्याला फोन लावला. वहिनी स्वयंपाकघरात होती. फोन तिने डब्याला टेकवून उभा केला, त्यामुळे मला अर्धी ती आणि अर्धी खिडकी दिसत होती. इकडचं तिकडचं झाल्यावर मी विचारलं, ‘वहिनी, आईने शिवलेलं काही राहिलंय का हो? एखादा ब्लाउज वगैरे?’

‘आहे की,’ ती पोळी लाटता लाटता म्हणाली. ‘आत्ता अंगातच आहे.’

पिवळसर रंगाचा, धुऊन धुऊन फिका पडलेला, बाहीच्या कडेला तुरळक सूत निघालेला. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि माझं मन लगेच कामाला लागलं. सुती कापड, अंदाजे किती जुनं, उन्हाने किती विटलेलं. ‘वहिनी, तो मला पाठवाल?’ मी म्हणाले. ‘मी इथे अगदी नीट ठेवेन. शंभर वर्षं काही होणार नाही त्याला.’

लाटणं थांबलं.

‘नाही हो ताई,’ ती हळू पण स्वच्छ आवाजात म्हणाली. ‘दुसरं काहीही मागा. हा मी घालते.’

जे छातीत टोचलं ते ओळखीचंच होतं. पण आता ते माझ्याच घरातल्या, माझ्याच वहिनीविषयी होतं. आईच्या शेवटच्या वर्षांत तिच्यापाशी बसून सुईत दोरा ओवून देणारी, काज करायला शिकलेली, आईच्या हातचा चहा नको म्हटलं की तिची बोलणी खाणारी ती होती. माझ्याकडे तिच्याविरुद्ध एकही पुरावा नव्हता. मग, मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच, मी वहिनीला काहीतरी शिकवण्याची विनंती केली. ‘निदान दाखवाल का? आतून. आई कशी शिवायची ते.’

तिने हात पुसले, फोन उचलला, बाहीची कड उलटी केली आणि शिवण कॅमेऱ्याजवळ आणली. आतल्या बाजूला शिवणीच्या पुढे कापडाची दुमडलेली पट्टी होती, बाहेरच्या कापडाहून गडद, कारण तिला ऊन लागलंच नव्हतं.

‘बाकीचे शिंपी इथे अर्धं बोटसुद्धा सोडत नाहीत,’ वहिनी सांगत होती. ‘आई मात्र माया भरपूर ठेवायच्या. म्हणायच्या, बाईचं अंग काय, आज एक असतं, उद्या दुसरं. तीनदा उसवून सैल केलाय मी हा. थोरल्याच्या वेळी, धाकटीच्या वेळी, आणि मागच्या वर्षी.’ तिने नखाने ती गडद पट्टी चाचपली, जणू मोजत होती. ‘बघा ना. अजून माया शिल्लक आहे.’